रंग सगळ्यात शेवटी



आपल्या या कट्ट्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी जुन्या स्कूटरचा फोटो टाकतं. कोणाच्या वडिलांची लॅम्ब्रेटा, कोणाच्या मामांची प्रिया, कोणाची लग्नानंतर घेतलेली पहिली चेतक. खाली सगळे लिहितात, "काय दिवस होते ते!" मीही लिहितो. मग कोणीतरी विचारतं, "गाडी आहे का अजून?" आणि नव्वद टक्के वेळा उत्तर येतं की पार्किंगमध्ये पडून होती, मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिली.

उरलेल्या दहा टक्क्यांत दुसरा प्रकार. गाडी रंगवून, क्रोम करून, नवी सीट लावून चकाचक केलेली. फोटो काढून झाला की कव्हर घालून उभी. किक मारायला कोणी नाही, पेट्रोलही नाही.

मला दोन्ही पटत नाही. जुनी, मोडकी गाडी बेताच्या पैशात उभी करता येते, पण दोन अटींवर. पहिली अट, ती रोजच्या कामाला वापरायची असली पाहिजे. दुसरी, खर्चाचा क्रम कागद, पत्रा, इंजिन, ब्रेक आणि सगळ्यात शेवटी रंग असा असला पाहिजे. या अटी पाळायच्या नसतील तर गाडी रीतसर मोडीत काढावी आणि फोटोखाली उसासे टाकू नयेत. हे मत मी घरबसल्या बनवलेलं नाही. ३१,६५० रुपये खर्च करून बनवलंय, आणि त्यातले चौदाशे माझ्याच मूर्खपणाचे आहेत. ते कसे, ते पुढे सांगतो.

मी बडोद्याचा. म. स. विद्यापीठातून १९७१ साली बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो आणि २०१० मध्ये निवृत्त झालो. चेतकही १९७२ सालचीच. आमची नोकरी आणि ती स्कूटर एकाच वर्षी सुरू झाली असं मी गमतीने म्हणतो. त्या काळात पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. तरुण मंडळींना हे खोटं वाटतं. स्कूटर हातात यायच्या आधी दोन मुलं झालेली घरं मी पाहिली आहेत.

ही गोष्ट माझ्या स्कूटरची नाही. माझी मी कधीच विकून टाकली. ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची. निळसर रंगाची चेतक, डिसेंबर १९९४ ची नोंदणी. दादाने ती शेवटपर्यंत चालवली. २०२१ मध्ये दादा गेला आणि गाडी कारेलीबागेतल्या त्याच्या फ्लॅटखाली उभी राहिली. पुतण्या पुण्यात. वहिनी एकट्या. दर महिन्याला खाली जाऊन सीट पुसायच्या, एवढंच.

मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला. बडोदेकरांना सांगायला नको, पण बेळगाव-इंदूरच्या मंडळींसाठी सांगतो. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. कारेलीबाग, समा, अकोटा, फतेगंज, सगळीकडे तळमजले पाण्यात. आमच्या नदीत मगरी आहेत हे तुम्ही ऐकलं असेल, त्या सोसायट्यांत शिरल्या. पार्किंगमधल्या गाड्या दोन-तीन दिवस चिखलाच्या पाण्यात बुडून होत्या. पुढचे दोन महिने शहरातल्या प्रत्येक गॅरेजबाहेर गाड्यांची रांग होती आणि भंगारवाल्यांची दिवाळी आधीच सुरू झाली होती.

दादाची चेतक हँडलपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर वॉचमनने चांगल्या मनाने दहा-बारा किक मारून बघितल्या. इथेच पहिली गोष्ट लिहून ठेवा. बुडालेल्या गाडीला किक मारू नये. प्लग काढावा, गाडी आडवी करून पाणी जाऊ द्यावं, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं आणि मेकॅनिकला बोलवावं. किक मारली की आतला गाळ बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या कडेने घुसतो. आमची गाडी तर त्यानंतर आणखी सहा आठवडे तशीच उभी होती.

ऑक्टोबरमध्ये वहिनींचा फोन आला. "भाऊजी, भंगारवाला तीन हजार म्हणतोय. देऊ का?" मी म्हटलं, थांबा, मी बघून येतो. बघायला गेलो आणि ४,५०० रुपये देऊन गाडी घेऊन आलो. वहिनी पैसे घेईनात. मी म्हटलं, फुकट घेतली तर तिचा हिशेब राहणार नाही, आणि हिशेब नसलेल्या वस्तूवर माणूस वाटेल तेवढा खर्च करतो. हे मी बँकेत शिकलो. शून्य किमतीच्या मालमत्तेकडे कोणी लक्ष देत नाही.

सौ.चं म्हणणं वेगळं. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्कूटर? गुडघ्याला विचारलंत का?" प्रश्न रास्त होता. मी तिला दोन शब्द दिले. तीस हजारांच्या वर एक पैसा जाणार नाही, आणि हायवेला गाडी जाणार नाही. दुसरा शब्द पाळला आहे.

पुतण्याने पुण्याहून एका रिस्टोरेशनवाल्याचा आकडा पाठवला होता. ६५,००० रुपये, "एकदम शोरूम कंडिशन". मी फोनवरच विचारलं, त्यात इंजिनाला किती आणि रंगाला किती? उत्तर आलं नाही. जे एस्टिमेट फोड करून देत नाही त्याला मी नोकरीत कधी मंजुरी दिली नाही, आता का देऊ? मी स्वतःच २७,००० चं एस्टिमेट काढलं, वर ३,००० आकस्मिक खर्चाला ठेवले, आणि वही उघडली.

पहिलं काम कागद. गाडी कितीही चांगली असली तरी कागद नसतील तर ते लोखंडच. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची २००९, २०१४, २०१९ अशी करत डिसेंबर २०२४ ला संपत होती. म्हणजे हातात दोन महिने, आणि नूतनीकरणाला गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. नूतनीकरणाची फी २०२२ पासून तीनशेवरून एक हजार झाली आहे, वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढली, आणि उशीर झाला तर महिन्याला दंड वेगळा. कितीतरी जुन्या गाड्यांचा हिशेब इथेच बुडतो.

मालक वारला तर गाडी वारसाच्या नावावर करायचा वेगळा अर्ज असतो, फॉर्म ३१. तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. आमच्याकडे तीन वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि खरी गंमत पुढे. आरसी बुक उघडून बघतो तर त्यावर बँकेचा बोजा तसाच! दादाने १९९४ मध्ये कर्जावर गाडी घेतली होती, १९९७ मध्ये कर्ज फेडलं, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नाही. सख्खा भाऊ बँकेत अधिकारी, हजारो लोकांना "फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जा हो" असं सांगणारा, आणि घरच्याच गाडीवर सत्तावीस वर्षं बोजा. ती बँकही आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. दादाने 'नो ड्यूज'चं पत्र गोदरेजच्या कपाटात जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पत्र दाखवलं आणि शाखेने दहा दिवसांत फॉर्म ३५ दिला.

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या आरसी काढून बघा. बोजा उतरलाय का, नाव कोणाचं आहे, मुदत कधी संपते. चॅसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप नीट उठतो का तेही बघा. आरटीओत तो छाप मागतात. नंबर गंजून गेला असेल तर तीन हजारांतली गाडीही महाग.

दुसरं काम पत्रा. इथे मी चुकणार होतो. माझं सगळं लक्ष इंजिनाकडे. पण आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी गाडी बघितली आणि पहिल्यांदा पायाखालचं रबरी मॅट काढलं. म्हणाले, "साहेब, एन्जिन पछी. पहेलां पतरुं जोवुं पडे." इंजिन नंतर, आधी पत्रा बघू. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी तळावर टकटक करायला सुरुवात केली. चार ठिकाणी आवाज ठण आला, दोन ठिकाणी भस्सकन आरपार गेला.

कारण असं की मोटारसायकलला नळ्यांची वेगळी फ्रेम असते, चेतकला नसते. चेतकचा पत्रा हाच तिचा सांगाडा. पुढचं हँडल आणि मागचं इंजिन यांना जोडणारा दुवा म्हणजे आपण पाय ठेवतो तो तळ. तो कुजला तर इंजिन नवं टाकून उपयोग नाही. मॅटखाली पाणी साचतं, वरून काही दिसत नाही, आणि स्टँड जिथे बोल्टने बसवलेला असतो तिथे आणि ब्रेकच्या पायपट्टीजवळ गंज आधी लागतो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशीच एक जुनी स्कूटर घेतली. रंग इतका सुरेख की आरशासारखा. घरी आणून स्टँडवर लावली तर स्टँड तळ फाडून वर आला. गंजावर लांबी भरून वरून रंग मारला होता. रंगाला त्या विकणाऱ्याने जेवढे पैसे घातले असतील त्याच्या निम्म्यात पत्र्याचं काम झालं असतं. म्हणून मी म्हणतो की जुनी गाडी बघायला गेलात आणि ती फार चमकत असेल तर जास्त सावध व्हा. गंजलेली, रंग उडालेली गाडी निदान खरं बोलते.

आमच्या तळाला दोन पट्टे कापून नवा पत्रा वेल्डिंग केला, स्टँडखाली जाड पट्टी दिली. ३,५०० रुपये. उस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं की कूज पुढच्या उभ्या भागापर्यंत गेली असती तर मी काम घेतलं नसतं. असं सांगणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला धरून ठेवा.

तिसरं इंजिन, आणि माझी चूक. चेतकचं इंजिन साधं, दीडशे सीसीच्या आतलं, टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला वीस मिली. झडपा नाहीत, फार भानगडी नाहीत. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलची वाफ क्रँकच्या पेटीतून वर जाते, म्हणून ती पेटी घट्ट बंद असावी लागते. दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन धूर सुटतो, मॅग्नेटकडचं गेलं तर बाहेरची हवा आत येते आणि इंजिन तापतं. पुराच्या गाडीत याच पेटीत पाणी आणि गाळ बसतो.

इंजिन खोललं. पिस्टनवर चरे, रिंगा चिकटलेल्या, मॅग्नेटमध्ये सुकलेला चिखल, कॉइल गेलेली. मॅग्नेटकडची बेअरिंग गंजाने खडबडीत झालेली. क्लचकडची मात्र हातात फिरवली तर छान फिरत होती. उस्ताद म्हणाले दोन्ही बदला. मी म्हटलं, ही तर बरी आहे, राहू द्या. साडेपाचशे रुपये वाचतात. ते म्हणाले, "साहेब, एणे पण पाणी पीधुं छे." तिनेही पाणी प्यायलंय. मी ऐकलं नाही. आयुष्यभर लोकांच्या एस्टिमेटला कात्री लावायची सवय. त्यांनी एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा नाही. पैसे माझे होते.

नोव्हेंबरच्या शेवटी गाडी सुरू झाली. आठव्या किकला. तीही जुन्या रिवाजाप्रमाणे इंजिनाच्या बाजूला जरा आडवी केल्यावर. डिसेंबरमध्ये वहिनींच्या नावावरच नूतनीकरण झालं, मुदतीच्या नऊ दिवस आधी. मार्चमध्ये पुढची बदली होऊन गाडी माझ्या नावावर आली.

पण जानेवारीत एक घुंईई असा आवाज येऊ लागला. गाडीचा वेग वाढला की आवाजही चढायचा. मी आठ दिवस ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग गॅरेजला गेलो. उस्तादांनी इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, दांड्याला कान लावला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. क्लचकडची बेअरिंग. पुन्हा इंजिन उतरवलं, पुन्हा दोन भाग केले. बेअरिंगचे ५५०, गॅस्केट आणि सीलचे २००, मजुरी १,२००. एकूण १,९५०. वेळेवर टाकली असती तर फक्त ५५०. माझ्या काटकसरीची किंमत १,४००.

म्हणून बजेटमध्ये काम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. काटकसर कुठे करायची याची यादी आधी करा. जो भाग बाहेरून चार स्क्रू काढून बदलता येतो तो जुना चालेल. जो भाग बदलायला पुन्हा सगळं इंजिन फोडावं लागतं तिथे काटकसर करू नका. हेडलाइटची काच तडकलेली आहे, अजून तशीच आहे, दिवा लागतो. आरसा एका बाजूचा दुसऱ्या कंपनीचा आहे. सीट जुन्याच सांगाड्यावर नवा फोम आणि रेक्झिन घालून शिवली. टाकी बदलली नाही. आत मूठभर नट आणि डिझेल घालून दोन मुलांनी अर्धा तास हलवली, तेव्हा लाल चहासारखा गंज बाहेर आला. हे सगळं चाललं. बेअरिंग चाललं नाही.

चौथं ब्रेक आणि टायर. इथे वाद नको. तीन चाकांपैकी स्टेपनी जुनी ठेवली, बाकी दोन टायर-ट्यूब नवे. पुढचे-मागचे ब्रेक लायनर नवे, कारण ड्रममध्ये गाळ जाऊन बसला होता. क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळ्या केबल नव्या. चेतकचे ब्रेक ड्रमचे. आजच्या डिस्कची सवय असलेल्याला ते ढिले वाटतील. तेव्हा चालवणाऱ्याने आपला वेग बदलायचा. मी तिसाच्या वर जात नाही, मागून हॉर्न वाजले तर वाजू देतो.

पाचवा रंग. तळाला वरून-खालून रेड ऑक्साइड आणि त्यावर जवळपासचा निळा. बस. १,४०० रुपये. बाकी गाडीला मी हात लावला नाही. सगळीकडून डेंटिंग-पेंटिंगला आठ हजार सांगत होते. माझ्याकडे नव्हते.

आता वही तुमच्यासमोर ठेवतो.

गाडी ४,५००
टेम्पो ६००
कागद, विमा, पीयूसी ३,९००
पत्रा-वेल्डिंग ३,५००
इंजिनाचे पार्ट ५,१००
इंजिनाची मजुरी २,५००
वायरिंग, कॉइल, सीडीआय १,९००
टायर, ट्यूब, लायनर, केबल ३,८००
टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर १,६००
सीट ९००
तळाचा रंग १,४००
बेरीज २९,७००
इंजिन दुसऱ्यांदा १,९५०
एकूण ३१,६५०

सौ.ने वही बघितली. काही बोलली नाही, फक्त शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

आता कॉमर्सवाला म्हणून बोलतो. आज ही गाडी विकायला काढली तर अठरा हजारांच्या वर कोणी देणार नाही. म्हणजे व्यवहार तोट्याचा. जुनी गाडी दुरुस्त करून पैसे मिळवायचे ही कल्पना ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी काढून टाकावी. पण दुसरी बाजू बघा. फेब्रुवारीपासून नऊ महिन्यांत मी अकराशे किलोमीटर चाललो. खंडेराव मार्केट, वाचनालय, पेन्शनचं काम, वहिनींची औषधं. दोनशेच्या वर फेऱ्या झाल्या. रिक्षाला येऊन-जाऊन ऐंशी रुपये धरले तर सोळा हजार. पेट्रोल-ऑइलचे तीन हजार वजा करा. तेरा हजार राहिले. या वेगाने दोन वर्षांत सगळा खर्च वसूल. हीच गाडी कव्हर घालून उभी ठेवली असती तर वसुली शून्य. बँकेच्या भाषेत एनपीए.

म्हणून माझी पहिली अट वापराची. आणि ती नुसती हिशेबाची नाही. उभी गाडी खराब होते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलं तर खाली पाणी, पुन्हा गंज, कार्बोरेटरमध्ये चिकटा, जुने रबरी पाइप फुगतात. सील सुकतात. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी पाच किलोमीटर फिरली पाहिजे. दादाच्या गाडीचं नुकसान पुराने केलं हे खरं, पण त्याआधीची तीन वर्षं आपणच केलं. वहिनी सीट पुसत होत्या आणि मॅटखाली तळ कुजत होता. मी दर रविवारी त्या घरी जायचो. एकदा किक मारून चक्कर मारली असती तर कळलं असतं. नाही मारली. दादाच्या गाडीवर बसवत नव्हतं, हे खरं कारण. त्याला काही हिशेब नाही.

उलट बाजूने काय म्हणतात तेही मला माहीत आहे. टू-स्ट्रोक धूर सोडते. सोडते. ऑइल मापून घातलं, सील धड असली, सायलेन्सर साफ असला तर कमी सोडते, पण नव्या गाडीइतकी स्वच्छ कधीच होणार नाही. म्हणून दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याने जुनी टू-स्ट्रोक घेऊ नये. माझ्यासारख्या रोज चार-पाच किलोमीटरवाल्याचं वेगळं. दुसरं म्हणतात, सुरक्षित नाही. बरोबर. नातवाला मी ही गाडी कॉलेजला देणार नाही. तिसरं, सरकारचं मोडीत काढायचं धोरण आहे. आहे, २०२१ पासून, आणि ते वाईट नाही. ज्या गाडीचा पत्रा गेला, कागद गेले, वापर नाही, ती अधिकृत केंद्रात द्या, नोंदणी रद्द करून घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला आरसी चालू ठेवून देऊ नका. उद्या तुमच्या नंबरची पाटी भलत्याच गाडीवर फिरली तर पोलिस तुमच्या दारात येतील.

म्हणजे मी सगळ्या जुन्या गाड्या वाचवा असं म्हणत नाही. उलट, बहुतेक वाचवण्यासारख्या नसतातच. पण हे ठरवायला पार्किंगमध्ये जाऊन मॅट काढावं लागतं, आरसी उघडावी लागते, मेकॅनिकला अर्ध्या तासाचे पैसे द्यावे लागतात. फोटो टाकणं सोपं आहे. आपण गावोगावची, पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेली मंडळी, आपल्याला जुन्या वस्तूंची माया जास्त. पण मायेने मॅट उचललं जात नाही.

आणखी एक. उस्तादांचं वय साठीच्या पुढे. त्यांच्याकडची दोन मुलं नव्या गाड्यांची कामं करतात, चेतकचं इंजिन त्यांनी पहिल्यांदाच खोललेलं बघितलं. पार्ट अजून मिळतात, खोलणारे कमी होत चालले आहेत. काम करून घ्यायचं असेल तर पुढच्या दोन-चार वर्षांत करा. आणि मजुरीवर घासाघीस करू नका. पार्टवर करा हवी तर. दुसऱ्यांदा इंजिन फोडताना त्यांनी माझ्याकडून पूर्ण बाराशे घेतले, एक रुपया कमी नाही. मी मागितलाही नाही.

होळीच्या सुमारास गाडी घेऊन वहिनींकडे गेलो. हॉर्न वाजवला, त्या गॅलरीत आल्या, मग खाली आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या पॅनेलवर पोचा आहे, दादाने फाटकाच्या खांबाला ठोकली होती तेव्हाचा. तो तसाच. रंग जागोजाग उडालेला, तोही तसाच.

"रंग नाही लावलात?"

मी खरं ते सांगितलं, पैसे संपले.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी तीस वर्षांत कधी लावला नव्हता." मग पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मार्केटला चाललात तर मला मंदिरापाशी सोडा."

मागे बसल्या. मी किक मारली. सुरू झाली नाही. जरा आडवी केली, परत मारली, मग झाली.

माझं लायसन २०२८ पर्यंत आहे. तोवर चालवीन. त्यापुढे गाडी कोणाला द्यायची हे अजून ठरलेलं नाही. पुतण्या मागतोय, पण तो कव्हर घालून ठेवील अशी मला भीती आहे. गॅरेजमधला धाकटा मुलगाही मागतोय. त्याने टाकी हलवली होती.

तुमच्या पार्किंगमध्ये कोणती गाडी उभी आहे? फोटो नको. मॅट काढा, स्क्रूड्रायव्हरने टकटक करा, आणि आवाज कसा आला ते लिहा.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, बडोदे